हिरव्या चहाचा केक आणि माझं लिव्हर

चोवीस वर्षं फौजेत काढली आणि मेडिकलला एकदाही शेप वनच्या खाली आलो नाही. फौजेत दरवर्षी डोळे, कान, हातपाय, डोकं सगळं तपासतात आणि जो सगळ्या बाजूंनी धडधाकट निघेल त्याला शेप वन म्हणतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्याची सुरुवात माझ्या बेइज्जतीनं होते.

पुण्यातल्या दवाखान्यात एक पोरसवदा डॉक्टर माझ्या पोटाचा फोटो पडद्यावर लावून बसला होता. कुठं पांढरट, कुठं करडं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "काका, तुमच्या लिव्हरवर बरीच चरबी आहे. असं लिव्हर आम्हाला घेता येणार नाही."

"मी दारू पीत नाही," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो.

"दारूचं नाहीच आहे हे. साखर, मैदा, वनस्पती तूप. आणि हे." त्यानं हातातलं पेन माझ्या पोटाच्या दिशेनं केलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग काढणार कुणावर? पोट माझंच होतं.

हे लिव्हर मला माझ्या आक्काला द्यायचं होतं. आक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. सांगलीला दिलेली, दाजी तिथं हळदीच्या पेठेत. मी भरतीची तयारी करत होतो तेव्हा ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रोज पहाटे ते पोट सांभाळत ती कालव्याच्या भरावावर उभी राहायची, हातात वडलांचं घड्याळ, आणि मी पळत आलो की ओरडायची, "कालच्यापेक्षा मागं हाईस, परत जा!" साताऱ्याच्या भरतीत मी पहिल्या दहात आलो ते माझ्या पायांमुळं नाही, तिच्या घशामुळं. आमच्या गावातनं बरेच जण फौजेत गेले, पण बहिणीनं शिट्टी न वाजवता ट्रेनिंग दिलेला मी एकटाच असेन.

त्या आक्काच्या पोटात पाणी व्हायला लागलं. पाय सुजायचे, डोळे पिवळे. बरीच वर्षं साखरेचा आजार होता, त्यातनं लिव्हर आक्रसून गेलं, असं डॉक्टर म्हणाले. आता ते बदलायलाच हवं, आणि वर्षभर थांबण्यासारखं नाही. लोक काय, लोकांच्या जिभेला हाड आहे थोडंच? "बाई असून लिव्हर गेलं? घेत हुत्या काय?" असं एकानं माझ्या तोंडावर विचारलं. आयुष्यात तिनं दारूची बाटली हातात धरली असेल तर ती रॉकेल ओतायला. त्या माणसाला मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

दाजींचा रक्तगट जुळेना. भाचीचा जुळत होता, पण तिच्या अंगावर पिणारं बाळ, आणि आक्कानं तिचं नावच काढू दिलं नाही. उरलो मी. रक्तगट तोच, वय बसणारं, मन तयार. आणि लिव्हर नापास!

डॉक्टरनं एक वाट ठेवली होती. "लिव्हरवरची चरबी उतरते, काका. तीन महिने देतो. वजन कमी करा, साखर-मैदा बंद, रोज चाला. मग पुन्हा फोटो काढू. तोवर ताईंना आम्ही औषधांवर सांभाळतो."

मी बाहेर येऊन सांगलीला फोन लावला. मला वाटलं आक्का रडेल. तर ती काय म्हणाली? "बरं झालं, बाबा! देवानंच केलं. आता हा इषय काढू नगंस." अहो, खूश झाली ती! नवस फेडल्यासारखा आवाज. तिला पहिल्यापासनं माझं लिव्हर नकोच होतं. "तुझ्या पोटावर सुरी फिरवून मी जगू व्हय? तुझ्या बायकूला त्वांड कसं दाखवू?" हे एकच पालुपद. मी फोनवर ओरडलो, दवाखान्यातले लोक बघायला लागले, आणि माझ्या बायकोनं माझ्या हातातनं फोन काढून घेतला.

तर तीन महिने. आता माझा धंदा सांगतो, म्हणजे गोम कळेल. फौजेत मी कुक होतो. आधी जवानांच्या लंगरमध्ये, मग ऑफिसर्स मेसमध्ये. पोळीभाजी सगळेच करतात, मी केक शिकलो. माझा स्पंज बघून एका कर्नलसाहेबांनी बदलीच्या वेळी मला बरोबर न्यायचा प्रयत्न केला होता, एवढं सांगितलं तरी पुरे. रिटायर होऊन वाईत आलो आणि बेकरी टाकली. बेकरी लहान, पण भट्टी माझी, नाव माझं. खारी, टोस्ट, नानकटाई, पाव, आणि ऑर्डरचे क्रीमचे केक. दिवसभर मी चाखतो. न चाखता माल विकणारा बेकरीवाला मला माणूस म्हणून चालणार नाही. चाखता चाखता चार वर्षांत पट्टा पाच भोकं पुढं सरकला होता.

पहिले आठ दिवस मी कडक राहिलो. सकाळी पसरणी घाट चढायचो. बायको मागनं स्कूटीवर, आणि मी थांबलो की हॉर्न. घाटातले टेम्पोवाले हसायचे. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. सगळं जमलं. पण संध्याकाळी पाचला भट्टीतनं दुसरा घाणा निघतो. तो वास! चोवीस वर्षं आणि वर ही चार, रोज पाच वाजता मी काहीतरी गोड तोंडात टाकत आलोय. हात आपोआप जातो. नवव्या दिवशी बायको मागनं आली तेव्हा माझ्या तोंडात खारी होती आणि हातात दुसरी.

तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "आवं, आक्कास्नी लिव्हर द्याचं हाय का खारी द्याची हाय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातला घास गिळवेना आणि थुंकवेना. त्या दिवशी मला कळून चुकलं की पाच वाजताचं हे भोक नुसत्या निश्चयानं बुजणार नाही, त्यात काहीतरी घालावं लागेल. माझ्यासारखा केकवाला केक सोडून राहणार नाही. मग लिव्हरला चालेल असा केक मीच का करू नये? एक तुकडा, पाच वाजता, हिशेबात बसणारा. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मैद्याऐवजी गव्हाचं पीठ, वनस्पती आणि लोणी नको, थोडं तेल चालेल, साखर नावापुरती, आणि तुकडा म्हणजे तुकडा, विटेएवढा नाही. वर म्हणाल्या, "दुधाचा चहा सोडून ग्रीन टी घेतला तरी चांगलं. त्यानं साखर आपोआप सुटते."

ग्रीन टी म्हटल्यावर डोक्यात घंटा वाजली. आसामच्या बाजूला पोस्टिंग होतं तेव्हा एका मेमसाबनी हिरवीगार चहाची पूड आणून मला केक करायला लावला होता. रंग झकास. चव मला तेव्हा गवतासारखी लागली होती, पण मेमसाब डोळे मिटून खायच्या. तोच करायचा, असं ठरवलं. गोड कमी असलं तरी त्या केकला स्वतःची अशी एक चव असते, साखरेवाचून तो उघडा पडत नाही.

तेवढ्यात गावातला एक दोस्त ग्रीन टीच्या गोळ्यांची डबी घेऊन आला. "दोन सकाळी, दोन संध्याकाळी, लिव्हर धुऊन निघतंय बघ गड्या." मी बाईंना फोन लावला तर त्या जवळजवळ ओरडल्याच. गोळ्या नको, अर्क नको, त्यानं काही लोकांच्या लिव्हरला उलट इजा झालेली आहे. प्यायचा तो साधा चहा, तोही कप-दोन कप. मी डबी दोस्ताला परत दिली. तो फुगला. फुगू दे.

पहिला केक झाला तो केक नव्हता, वीट होती. सगळं गव्हाचं पीठ, साखर अजिबात नाही, अंडी कमी. बायकोनं तो वाऱ्यानं आपटणाऱ्या मागच्या दाराला अडण म्हणून लावला आणि दिवसभर दार हललं नाही. दुसऱ्यात मी ग्रीन टीची पानं उकळून ते पाणी घातलं. उकळलं म्हणजे कसं? आपण उकळतो तसं. खळखळा, तीन उकळ्या, रंग येईस्तोवर. आपल्याकडं चहा उकळल्याशिवाय त्याला चहा म्हणतात का कुणी? केक कडू जहर झाला. मेसमधला कुक म्हणवणारा मी, आणि हे विसरलो की ती पानं उकळायची नसतात, गरम पाण्यात झाकून दोन-तीन मिनिटं ठेवायची असतात. तिसऱ्यात गूळ घातला. सांगलीचा, दाजींनी पाठवलेला, पिवळाधमक. तो केक मात्र झकास झाला. बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "गूळ म्हणजे साखरच हो, लिव्हरच्या दृष्टीनं." आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ऊस. गूळ म्हणजे साखरच, हे वाक्य आमच्या शिवारात कुणी मोठ्यानं बोललं तर त्याला बांधावरनं चालू देणार नाहीत. मी गुळाची ढेप बायकोच्या हवाली केली.

चौथ्याला केळं धरलं. पिकलेलं केळं कुस्करून, दोन खजूर भिजवून वाटून, आंबट नसलेलं दही, शेंगतेल तीन चमचे, दोन अंडी, गव्हाचं पीठ दोनदा चाळून. हलका झाला. पण हिरव्या चहाची चव लागेना. नुसतं पानांचं पाणी पुरत नव्हतं, पूड हवी होती, मेमसाबनी आणली होती तशी. वाईत विचारलं, कुणाकडं नाही. सांगली मोठं शहर, तिथं मिळेल म्हणून फोन लावला. फोन आक्कानं उचलला.

मी म्हणालो, "आक्का, दाजींना सांग, बाजारातनं हिरव्या चहाची पूड आणून धाडा. एकदम बारीक पायजे. माझ्या लिव्हरसाठी केक करतोय."

"तुझ्या लिव्हरसाठी?"

"व्हय. तीन म्हैन्यांत सुधारायचं हाय."

मला वाटलं, आता सुरू होणार, सुरी, पोट, बायकूला त्वांड. पण ती म्हणाली, "बरं. धाडते."

आठ दिवस काही आलं नाही. मग सांगलीहून साताऱ्याला येणाऱ्या एका पाहुण्यांच्या हाती डबा आला, साताऱ्यातनं वाईला. स्टीलचा डबा, झाकणाला जुन्या पातळाचा तुकडा घट्ट बांधलेला. मी बेकरीतच उघडला. आणि वास आला तो थेट आमच्या परड्यातल्या न्हाणीमागचा.

गवती चहा!

क्षणभर डोकंच सटकलं. सांगितलं काय, धाडलं काय! आधीच चार केक वाया गेलेले, महिना संपत आलेला, आणि ही बाई गवती चहा वाळवून पाठवते. मी तिथल्या तिथं फोन लावला. लागला, आणि माझ्या आधी तीच बोलायला लागली.

"मिळाली का रं पूड? बारीक हाय न्हवं? अरं, ह्यास्नी सांगितलंच न्हाई मी. घरात हिरवा चहा असताना इकत कशाला आणाचा? गच्चीवर कुंडीत केवढा माजलाय. सावलीत वाळीवला, उन्हात वास उडतो. मग मिक्सरला लावला आन्‌ वस्त्रगाळ केला. तीनदा. तू म्हणालास एकदम बारीक."

आमच्या घरी गवती चहाला कुणी कधी गवती चहा म्हटलंच नव्हतं. आई हिरवा चहाच म्हणायची. हिवाळ्यात सर्दी झाली की "हिरवा चहा घाल रं थोडा" असंच. मी चोवीस वर्षं बाहेर राहून मेमसाबचा हिरवा चहा डोक्यात भरून घेतला आणि घरचा विसरलो. चूक तिची नव्हती, माझी होती. मी मराठीत बोललो आणि इंग्रजीत विचार केला.

"आक्का," मी म्हणालो, "गच्चीवर कशी चढलीस तू? पाय सुजलेत ना तुझे?"

"बसत बसत. हळू चढले. बसूनच कापला. त्यात काय?"

त्यात काय! दोन जिन्यांच्या चौदा पायऱ्या. जी बाई संडासला जाताना भिंत धरते ती गच्चीवर चढली, पाती कापली, वाळवली, दळली, पातळाच्या फडक्यातनं तीनदा चाळली. जी माझं लिव्हर नापास झालं म्हणून खूश झाली होती, तिनं ते पास व्हावं म्हणून आठ दिवस घाम गाळला होता. बेकरीत गिऱ्हाईक उभं होतं, खारी मागत होतं, आणि मी मैद्याच्या पोत्यावर बसून रडत होतो. रडलो ते लपवत नाही.

डोळे पुसून मी फोनवर विचारलं, "आक्का, माझं लिव्हर चांगलं झालं तर घेशील का?"

"आधी खा," ती म्हणाली. "मग बघू."

इतके दिवस "न्हाई" होतं. आता "बघू" झालं. फौजी माणसाला एवढी फट पुरते.

मग मी कामाला लागलो ते खऱ्या ईर्ष्येनं. ग्रीन टीची पानं गरम पाण्यात झाकून ठेवायची, उकळायची नाहीत, गाळून तो अर्धा कप गार करायचा. त्यात दही फेटायचं. पिठात आक्काची पूड, एक सपाट चमचा, जास्त नाही, नाहीतर साबणासारखं लागतं. केळं, खजूर, अंडी, तेल. खायचा सोडा चिमूटभर. मंद भट्टी. झाकण काढलं की आधी गवती चहाचा वास यायचा आणि खाल्ला की मागनं ग्रीन टीचा थोडा कडवटपणा, जिभेच्या टोकाला नाही, घशाजवळ. गोड जेमतेम. पण पोत असा मऊ की बोट दाबलं तर परत वर यायचं. बायकोनं एक तुकडा खाल्ला आणि दुसरा मागितला. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, तिच्याकडनं मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

बाईंना कळवलं, गवती चहा घातलाय, चालेल ना? चालेल, म्हणाल्या, केकात चमचाभर असल्यानं काही होत नाही. रोज पाच वाजता एक तुकडा, काड्यांच्या पेटीएवढ्या रुंदीचा. खारीच्या बरणीला मी पुढं दोन महिने हात लावला नाही. माल चाखायचं काम बायकोनं घेतलं, आणि तिचं वजन तीन किलो वाढलं. ते तिनं आक्काच्या खात्यावर टाकलं.

दुकानात लोक विचारायला लागले. "काळीज देतोयस म्हणं बहिणीला?"

"काळीज न्हाई रं, लिव्हर."

"तेच की!"

आता ह्यांना काय सांगणार? आपल्याकडं बोकडाचं असो की माणसाचं, छातीपोटातलं सगळं काळीजच. एका म्हाताऱ्यानं विचारलं, अर्धं काढल्यावर तू कसा जगणार? मी म्हणालो, "आजोबा, खोडवा असतोय न्हवं? ऊस तोडला तरी बुडख्यातनं परत फुटतो. लिव्हर तसंच. तिकडं बी वाढतं, इकडं बी वाढतं." म्हातारा समाधानानं मान हलवत गेला, आणि जाताना पाव घ्यायचा विसरला.

तीन महिन्यांनी पुण्याला गेलो. वजन नऊ किलो उतरलं होतं, विजार दोरीनं बांधलेली. तोच पोरसवदा डॉक्टर. पडद्यावर पुन्हा पांढरट, करडं. यावेळी मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, फोटोकडं नाही. तो आधीचा फोटो बघायचा, आताचा बघायचा, परत आधीचा.

"काका, काय केलंत?"

"केक खाल्ला," मी म्हणालो.

तो हसला. मग सगळं सांगितल्यावर म्हणाला की केकनं चरबी उतरत नाही, बाकीचं सगळं सोडलंत आणि घाट चढलात त्यानं उतरली. मला ठाऊक आहे की! उद्या कुणी माझा केक खाऊन लिव्हर बरं करायला निघाला तर मीच त्याला घाटात पळवीन. पण बाकीचं सगळं सोडणं त्या एका तुकड्याच्या जिवावर जमलं, हे त्या डॉक्टरला कधी कळणार नाही, कारण त्यानं पाच वाजता माझ्या भट्टीपुढं उभं राहून बघितलेलं नाही. त्यानं कागदावर सही केली आणि म्हणाला, "आता घेता येईल." मी खुर्चीतनं उठून त्याला सॅल्यूट ठोकला. खरोखर ठोकला, टाच आपटून. रिटायर झाल्यावर मी कुणालाही सॅल्यूट केलेला नव्हता.

तिथनं थेट सांगली. बायको बरोबर, मांडीवर केकचा डबा. आक्का पुढच्या खोलीत कॉटवर बसली होती, उशीला टेकून. हात काटकुळे, पोट तेवढं वर आलेलं. दाजींनी तिला एक लहान तुकडा दिला. ती हळूहळू चघळत राहिली.

"माझा हिरवा चहा लागतोय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एवढी ऐट मी भाचीच्या लग्नातही बघितली नव्हती.

मी कागद तिच्यापुढं धरला. "आक्का, पास झालो."

तिनं कागद बघितला नाही. मान फिरवली. "मी चहा धाडला तो तू चांगला ऱ्हावास म्हणून. मला मिळावं म्हणून न्हाई. तुझा संसार हाय. पोरं शिकत्यात. उद्या तुला काय झालं तर हिला मी काय सांगू?"

माझा पारा चढला. तीन महिने मनात साठवलेलं सगळं ओठांवर आलं. मी बोलणार तेवढ्यात माझी बायको पुढं झाली. ही बाई नणंदेपुढं कधी मोठ्यानं बोललेली नाही. ती कॉटवर आक्काच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आक्का, तीन म्हैनं मी ह्यांच्या मागं घाटात स्कूटी घेऊन फिरले. ते काय हवा खायाला? ह्यांच्या तोंडातनं खारी काढली मी. मला त्वांड दाखवायचं म्हणताय न्हवं? मग दाखवा. बरं होऊन दाखवा."

दाजी खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. माझ्या बायकोचा मला एवढा अभिमान वाटला की मी तिच्याकडं बघूच शकलो नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

आक्कानं तिचा हात धरला. मग माझ्याकडं वळली, आणि लहानपणी मी पडून आलो की जशी विचारायची तशा आवाजात तिनं विचारलं,

"तुला लय दुखंल का रं?"

"न्हाई," मी म्हणालो. "काय सुदिक न्हाई."

चोवीस वर्षांच्या नोकरीत मी वरिष्ठांशी कधी खोटं बोललो नव्हतो. लय दुखलं. हसलं तरी दुखायचं, खोकलं तरी दुखायचं, कूस बदलायची म्हटलं की डोळ्यांपुढं काजवे. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मी असाच दात-ओठ खात पडलो होतो, तेव्हा बायको पलीकडच्या वॉर्डातनं जवळजवळ पळतच आली.

"आवं, आक्का पेज नगं म्हणत्यात," ती म्हणाली. "भाकरी मागत्यात."